विश्लेषण : सिकलसेलची तपासणी झाली, पुढे काय? खान्देशात मेडिकल कॉलेजचा ‘पीएसएम’ विभाग का महत्त्वाचा?

बोटातून रक्ताचा एक थेंब, काही मिनिटांची चाचणी आणि कागदावर एकच शब्द : ‘वाहक’. सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि पश्चिमेकडचा साक्री या तालुक्यांत हा शब्द अनेक घरांत पोहोचला आहे. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक घरात पोहोचलेला नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. त्यात २.१५ लाख रुग्ण आणि १६.७ लाख वाहक आढळले. कार्डे वाटली गेली होती २.६ कोटी. म्हणजे तपासणी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या हातात तोवर कार्ड आलेले नव्हते.

तपासणी आणि समज यांच्यातील ही दरी कशी भरायची? या कामात वैद्यकीय महाविद्यालयातील एका विभागाची भूमिका मोठी आहे. रुग्णालयात येणाऱ्या बहुतेकांना त्याची पाटीही माहीत नसते. हे सगळे प्रकरण समजून घेऊया.

सिकलसेल म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तातील लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. ते शरीरभर ऑक्सिजन पोहोचवते. हे हिमोग्लोबिन तयार करण्याची सूचना देणाऱ्या जनुकात एक छोटासा बदल झाला, तर ‘हिमोग्लोबिन एस’ तयार होते. बदल खरोखरच छोटा आहे : प्रथिनांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. परिणाम मात्र मोठा होतो. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचिक पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव आले.

विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

गावात या लक्षणांची वेगवेगळी नावे पडतात. ‘अंगात रक्त नाही’, ‘कावीळ झाली’, ‘वाताचा त्रास आहे’. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, काविळीचे गावठी औषध घेतले जाते. मात्र हा लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया नाही. केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच जास्त साठलेले असू शकते.

रुग्ण आणि वाहक यांत फरक काय?

हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही सामान्य असतील तर ‘एए’. एक सामान्य आणि एक बदललेली असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण.

वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. शेती, मजुरी, शिक्षण, बाळंतपण, सगळे नेहमीसारखे करू शकते. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. सिकलसेल स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही.

इथे शब्दही अडचणीचा ठरतो. मराठीत ‘वाहक’ म्हटले की एक तर एसटीचा कंडक्टर आठवतो, नाही तर ‘रोगवाहक डास’. त्यामुळे ‘तुम्ही सिकलसेलचे वाहक आहात’ हे वाक्य अनेकांना ‘तुम्ही रोग पसरवता’ असे ऐकू येते. अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरात प्रमाण मराठीतला हा शब्द आणखीच परका वाटतो.

खान्देशाशी याचा संबंध कसा?

भारतात सिकलसेलची नोंद पहिल्यांदा १९५२ मध्ये झाली, निलगिरीच्या आदिवासी समाजात. महाराष्ट्रातील आदिवासी गटांमध्ये पुढे झालेल्या सर्वेक्षणांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान आदी काही गटांत सिकलसेलच्या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. या संशोधनात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले डॉ. सुदाम काटे यांचे नाव आवर्जून घेतले जाते. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. भिल्ल आणि पावरा हे दोन्ही समाज खान्देशात मोठ्या संख्येने आहेत.

सिकलसेल म्हटले की आधी नंदुरबारचे नाव निघते. २०११ च्या जनगणनेनुसार तिथे आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. धुळ्यात ते जवळपास ३२ टक्के, तर जळगावात १४ टक्क्यांच्या आसपास. टक्केवारी पाहून जळगावचा प्रश्न छोटा वाटेल. पण जळगावची लोकसंख्याच मोठी आहे. त्यामुळे प्रत्यक्ष संख्येत जळगावात सुमारे ६ लाख आणि धुळ्यात साडेसहा लाखांच्या जवळपास आदिवासी राहतात. दोन्ही जिल्ह्यांचा भार जवळजवळ सारखाच आहे.

या भागांतच हे जनुक का टिकले, याचे उत्तर मलेरियात आहे. वाहकांना मलेरियाच्या गंभीर आजारापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. जंगलपट्ट्यात शतकानुशतके मलेरिया होता, तिथे हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिले. याचा अर्थ वाहकाला मलेरिया होतच नाही, असा मात्र नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सिकलसेल फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागास वर्गातील समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आढळला आहे.

‘पीएसएम’ विभाग म्हणजे काय?

प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषध वैद्यकशास्त्र नावाचा विभाग असतो. विद्यार्थी आणि डॉक्टर त्याला ‘पीएसएम’ किंवा ‘कम्युनिटी मेडिसिन’ म्हणतात. इतर विभागांसाठी रुग्ण म्हणजे खाटेवरची एक व्यक्ती असते. या विभागासाठी अख्खे गाव हाच रुग्ण असतो.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. दोन्ही जिल्ह्यांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. खान्देशातील कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असली, तरी वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

या विभागाचे काम साधारण तीन पातळ्यांवर चालते.

पहिले, प्रशिक्षण केंद्रे. महाविद्यालयाला एक ग्रामीण आणि एक नागरी आरोग्य प्रशिक्षण केंद्र चालवावे लागते. एमबीबीएस झालेले इंटर्न डॉक्टर वर्षभराच्या प्रशिक्षणातील काही आठवडे या विभागात, प्रत्यक्ष वस्तीवर काढतात.

दुसरे, कुटुंब दत्तक कार्यक्रम. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अलीकडच्या वर्षांत हा एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे दिली जातात आणि पहिल्या वर्षापासून त्याने त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाऊन आरोग्याची माहिती ठेवायची असते.

तिसरे, संशोधन. एमडी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. ‘गावातील किती लोकांना सिकलसेल माहीत आहे’, ‘कार्ड मिळाल्यावर लोक काय करतात’ असे प्रश्न याच विभागाच्या अभ्यासाचे असतात.

रुग्णालयातील नोंदी पुरेशा का नाहीत?

कारण रुग्णालयात तोच येतो ज्याला त्रास होतो, ज्याच्याकडे बसभाड्याचे पैसे असतात आणि ज्याला आजारी माणसासोबत पाठवायला घरात कोणी असते. वाहकाला तर त्रासच होत नाही. तो रुग्णालयाच्या नोंदीत येणार कसा?

म्हणून संशोधक गावांची यादी करतात, त्यातून ठरावीक पद्धतीने गावे आणि घरे निवडतात आणि त्या घरातील सर्वांची तपासणी करतात. आजारी असो वा नसो, ज्याला तपासायचे ठरले त्याला शोधून तपासायचे. एखादे घर ऊसतोडीला गेले असेल, तर ते परतल्यावर पुन्हा जायचे. असे केले नाही, तर स्थलांतर करणारी कुटुंबे आकडेवारीतून गळतात आणि उपचारातूनही.

अशा प्रत्येक अभ्यासाला महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी लागते. रक्त घेण्याआधी व्यक्तीला तिच्या भाषेत माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक असते. मूल असेल तर पालकांची संमती लागते.

एका चाचणीवर का भागत नाही?

शिबिरात अनेकदा ‘सोल्युबिलिटी’ चाचणी होते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण तिच्या मर्यादा आहेत.

- पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ही चाचणी सांगत नाही.
- सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात ती चुकू शकते, कारण बाळाच्या रक्तात जन्माआधीचे हिमोग्लोबिन भरपूर असते.
- नुकतेच रक्त चढवले असेल तर निकाल फसवा येऊ शकतो.

म्हणून पॉझिटिव्ह व्यक्तीची ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ किंवा ‘एचपीएलसी’ ही पुढची चाचणी करावी लागते. त्यात कोणते हिमोग्लोबिन किती टक्के आहे ते कळते. आता करोना काळातील अँटिजेन किटसारख्या पट्ट्याही आल्या आहेत, त्या वाहक आणि रुग्ण यांतील फरक जागेवरच दाखवतात.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच : शिबिरातील पहिला निकाल हा अंतिम अहवाल नसतो.

वाहकांची संख्या एवढी महत्त्वाची का? हे गणित पाहा

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण सामान्य असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

आता समजा, एखाद्या समाजात १०० पैकी २० जण वाहक आहेत आणि लग्ने समाजातच होतात. तर ढोबळ हिशेबाने १०० पैकी ४ जोडप्यांत दोघेही वाहक असतील आणि जन्माला येणाऱ्या दर १०० बाळांमागे एक बाळ रुग्ण असेल. दुसऱ्या समाजात वाहक १० टक्के असतील, तर दर ४०० बाळांमागे एक. वाहक निम्मे झाले की आजारी बाळांचे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येते.

मात्र वाहक असलेल्या व्यक्तीचा जोडीदार सामान्य असेल, तर एकही मूल रुग्ण होत नाही. प्रश्न एका व्यक्तीचा नसतो, जोडीचा असतो. मोहिमेतील कार्डे याच तत्त्वावर बनवली आहेत. मुलाचे कार्ड मुलीच्या कार्डावर ठेवले की होणाऱ्या अपत्यांबाबतची शक्यता वाचता येते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आशाताई हे समजावून सांगू शकते.

मग अडते कुठे?

कार्ड हातात देणे आणि ते समजावणे यांत फरक आहे. समजावण्याशिवाय दिलेले कार्ड नुकसानही करू शकते. विशेषतः मुलींचे. तपासणीत मुलगी वाहक निघाली की तिच्यातच दोष आहे असे धरून स्थळ मोडण्याची भीती असते. मुलाची तपासणी झालेली आहे का, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. आजारी बाळ जन्मले तरी बोल आईलाच लागतो. वस्तुस्थिती अशी की रुग्ण बाळाला दोन्हीकडून एकेक जनुक आलेले असते.

याच भीतीने घरचे लोक कार्ड लपवतात किंवा तपासणीच टाळतात. म्हणून समुपदेशन दोन्ही कुटुंबांचे, त्यांच्या बोलीत आणि लग्न ठरण्याच्या आधी व्हायला हवे. आश्रमशाळेतील आठवी-नववीचे वय यासाठी योग्य ठरते. ते एका भेटीत होत नाही. इथे कुटुंब दत्तक कार्यक्रमासारखी व्यवस्था उपयोगी पडू शकते, कारण त्यात तोच चेहरा त्याच घरात पुन्हा येतो.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आहेत. महाविद्यालयाचे कार्यक्षेत्र ठरावीक गावांपुरते असते. इंटर्न काही आठवड्यांत बदलतात. प्रबंध तीन वर्षांत संपतो आणि ग्रंथालयात जातो. ज्यांचे रक्त घेतले त्यांच्यापर्यंत आणि त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत निष्कर्ष पोहोचले, तरच त्या संशोधनाचा गावाला उपयोग. त्यामुळे महाविद्यालय, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि आशाताई यांच्यात नोंदींची देवाणघेवाण होते का, हा खान्देशातील खरा प्रश्न आहे.

उपचार आहेत का?

आहेत. आजार मुळापासून बरा करणारे उपचार आज सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर आहेत. जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली, त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला जुळणारा दाता आणि मोठे केंद्र लागते.

पण त्रास आणि मृत्यू कमी करणारे उपचार साधे आहेत. लहान मुलांना पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया. याबाबतचे एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातलेच आहे. तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर नागपुरात झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १० मिलिग्रॅम या कमी मात्रेतही हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके वर्षाला सरासरी १२ वरून एकापेक्षा कमी झाल्याचे त्यात दिसले. मात्र हे औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये. त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते आणि गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते.

खान्देशात उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा आहे. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शरीरातील पाणी कमी झाले की पेशी अधिक वाकतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. केळीच्या बागेत, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात राबणाऱ्या रुग्णासाठी पाण्याची बाटली हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. कामासाठी गुजरातेत किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जाताना कार्ड, अहवाल आणि पुरेशी औषधे सोबत ठेवावीत.

तुम्ही काय कराल?

- शिबिरात रक्त दिले असेल तर ‘रिपोर्ट कधी आणि कोणाकडे मिळेल?’ हे तिथेच विचारा. तो मिळवणे हा तुमचा हक्क आहे.
- पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर दुसरी, खात्रीची चाचणी झाली का ते विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.
- घरात एक जण वाहक किंवा रुग्ण निघाला तर भावंडांसह सर्वांची तपासणी करून घ्या.
- लग्न ठरवताना मुलगा आणि मुलगी, दोघांचीही कार्डे पाहा. एकाचेच पाहून निर्णय घेऊ नका.
- लग्न झालेले असेल आणि दोघेही वाहक असाल, तर गर्भधारणा झाल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रांत करता येते आणि कायद्याने त्याला परवानगी आहे.
- रुग्ण मुलाला १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, डाव्या बरगडीखाली अचानक फुगणे किंवा बोलताना जीभ अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.
- सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांपैकी एक आहे. रुग्णाला प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो. एसटी प्रवास आणि परीक्षेतील सवलतींची चौकशीही तिथेच करा. वाहकांना या सवलती लागू नाहीत, कारण वाहक आजारी नसतात.

मोहिमेच्या देशभरातील आकड्यांनुसार एका रुग्णामागे जवळपास आठ वाहक सापडले आहेत. त्या आठ जणांना औषधाची गरज नाही. त्यांना त्यांच्या बोलीत, कोणीतरी शांतपणे बसून, दहा मिनिटे समजावून सांगण्याची गरज आहे.